आसरांपासून शंभर पावलं

लाल शाई बघितली की पूनमचं डोकं फिरायचं, आणि त्यागीसरांच्या पेनात दुसरी शाईच नसायची.

तिच्या प्रबंधाच्या आराखड्याची बारा पानं सरांनी उभ्याउभ्याच चाळली. चौथ्या पानावर थांबले. एक अख्खा परिच्छेद तिरक्या रेघेनं उडवला आणि मान वर करून म्हणाले, "बेटा, ये साइंस है. गड़रियों की कहानी नहीं."

गड़रिया म्हणजे आपला धनगर. प्रयोगशाळेत पाच-सहा जण होते, त्यातले दोघं फिदीफिदी हसले. आणि पूनम कोण, तर शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईच्या रखमाजी धनगराची सख्खी नात. तळपायाची आग मस्तकाला गेली. पण पोरगी रडली नाही, की चुलीत गेलं तुमचं विद्यापीठ म्हणून निघूनही आली नाही. ती म्हणाली, "सर, गड़रिये की पोती हूँ. कहानी नहीं, सबूत लाऊँगी."

"दीवाली के बाद कमिटी है. तब तक नहीं लाईं, तो मक्खियों पर काम करना होगा."

म्हणजे बाटलीतल्या माशा. गळून गेलेल्या केळ्यावर माशा वाढवायच्या आणि त्यांचे डोळे मोजायचे. माशांशी पूनमचं काही वैर नव्हतं, पण त्यासाठी ती घर सोडून आली नव्हती.

घर सोडताना काय कमी ऐकलं होतं तिनं? पुण्याला काय कमी हाय म्हणून सगळ्या भावकीनं विचारलं होतं. पण त्या उत्तरेकडच्या विद्यापीठात जनावरांच्या पोटातल्या जंतांचा वेगळा विभाग होता आणि तिला तोच पाहिजे होता. चुलता बाळासो तर चारचौघांत म्हणाला होता, "मेंढरांच्या लेंड्या बघायला दिल्लीच्या पल्याड? हितं काय लेंड्यांचा दुष्काळ पडलाय व्हय?" लोक पोट धरून हसले होते. पूनमही हसली होती आणि दुसऱ्या दिवशी दौंडला जाऊन गाडीत बसली होती.

सरांनी उडवलेला परिच्छेद असा होता. गावाखाली पाझर तलाव. त्याच्या काठाला पूर्वापार साती आसरांचे सात दगड, शेंदूर फासलेले. पाण्यातल्या देवी त्या. रखमाजीच्या घराण्याचा नियम असा, की पोळा झाला की पार संक्रांतीपर्यंत आसरांपासून शंभर पावलांच्या आत मेंढरू घालायचं नाही. तो आसरांचा चारा. मेंढरानं खाल्ला तर गळ्याखाली पाणी धरतं, मेंढरू खंगून मरतं, आणि कापून बघितलं तर काळजात, म्हणजे यकृतात, पानं सापडतात. पानं म्हणजे पानासारखे चपटे जंत.

बीएस्सीला असताना शिरूरच्या कॉलेजात पुस्तकात तोच जंत तिच्यासमोर आला होता. पावसाळ्यानंतर ओल्या काठाला गोगलगाई होतात, त्यांच्या पोटात हा जंत वाढतो, बाहेर पडून गवताला चिकटतो, आणि गवतातून मेंढराच्या काळजात. पूनम बाकावरून ताडकन उठून उभी राहिली होती. हे तर आबांना ठाऊक होतं! सुट्टीत तिनं आजोबांना सांगितलं, तेव्हा रखमाजी मिशीतल्या मिशीत हसला. "पुस्तकवाल्यांना आत्ता कळलं व्हय?" म्हणाला.

तेच तिला सिद्ध करायचं होतं. नियम पाळणाऱ्या कळपात जंत कमी असतात, एवढंच.

दिवाळीला ती दौंडला उतरली, एसटीनं शिरूर, तिथून कवठ्याला. वाटेत मनातल्या मनात कमिटीपुढचं भाषणही तयार केलं. घरी पोचून बॅग टाकली, पाणीसुद्धा प्यायली नाही, सरळ मेंढवाड्याकडं गेली. मेंढरांच्या वाघरीपाशी, जाळीच्या कुंपणापाशी, उभी राहिली आणि भाषण विसरली.

मेंढरं वाळून चालली होती. पाच-सहा जणींच्या गळ्याखाली पिशवी लोंबत होती. तिनं एकीच्या पिशवीला बोट लावलं, तर पिठात रुततं तसं रुतलं.

"आप्पा, काठाला लावली होती का मेंढरं?"

बाळासो चवताळलाच. "जिभंला काय हाड हाय का तुझ्या? शंभर पावलं मोजून टाकतो म्या रोज! एक पाऊल आत न्हाई! तीन वर्सं झाली, मरत्यात. नियम पाळून मरत्यात! तुझ्या अभ्यासात इघ्न नको म्हणून तुला कळू दिलं न्हाई. दिवाळी झाली की पयल्या बाजाराला समदी शिरूरला काढणार. बास झालं आता."

पूनमला मेंढरांची काळजी वाटलीच. पण खरं सांगायचं तर स्वतःचीही वाटली. नियम पाळून मेंढरं मरत असतील तर सरांचं बरोबर होतं. ती धनगराची कहाणीच होती. आणि तिनं चारचौघांत, तोंड वर करून, पुरावा आणते म्हणून सांगितलं होतं.

तिचे वडील रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला असायचे, घरी आले की झोपायचे. आबांना मोतीबिंदूनं फारसं दिसत नव्हतं, तीन वर्षांपासून ते काठाकडं गेलेही नव्हते. बोलायचं कुणाशी? तिनं जस्मिनला फोन लावला.

जस्मिन शिरूरच्या ख्रिस्ती वस्तीतली, बीएस्सीला तिच्याच बाकावरची, आणि आता एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायची. दुसऱ्या दिवशी ती स्कूटरवर सूक्ष्मदर्शक घेऊन आली. तान्ह्या लेकराला गुंडाळावं तसं शालीत गुंडाळून.

"प्राचार्यांनी दिला?" पूनमनं विचारलं.

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून विचारलंच नाही."

दोघींनी पडवीत दुकान मांडलं. प्रत्येक मेंढराच्या लेंड्या वेगळ्या डब्यात, डब्यावर मेंढराचं नाव. पाण्यात कुस्करायच्या, चहाच्या गाळणीनं गाळायच्या, पेल्यात निवळू द्यायच्या, वरचं पाणी ओतून परत नवं पाणी. तळाला राहिलेल्या गाळाचा थेंब काचेवर. पूनमच्या आईनं गाळणी ओळखली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं सटवे, दिवाळीचा च्या आता कशात गाळू?"

वीस मेंढरं तपासली. सतरांत अंडी सापडली. सोनेरी, लांबट, एका टोकाला झाकण असलेली. पुस्तकातल्या चित्रापेक्षा देखणी. पूनमला ती बघवेनात.

जस्मिन समजूत काढायला लागली. "जंत सापडलेत ना? मग तेवढंच लिही. नियमाचं गाळून टाक. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

"मग माशा धर आणि मोकळी हो."

"माशा धरीन," पूनम म्हणाली, "पण आधी हे का झालं ते कळल्याशिवाय न्हाई. सरांनी रेघ मारली तवा मला राग आला. आता माझ्याच हातानं, कारण न बघता, तीच रेघ मारू?"

जस्मिननं काच पुसून ठेवली. मग म्हणाली, "तुमच्या तलावावर आणखी कुणाची मेंढरं आहेत?"

होती. गिताबाईची. तलावाच्या पलीकडं एकटी राहणारी धनगरीण, अकरा मेंढरं, आणि तोंड असं की कुत्रं वाट सोडून जावं. रखमाजीच्या घराशी तिचं तीन वर्षं बोलणं बंद होतं. कारण पूनमला नीट ठाऊक नव्हतं. ती तेव्हा पुण्यात मावशीकडं प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. पण अडला हरी. पूनम डबे घेऊन गेली.

गिताबाईची मेंढरं बघून ती जागीच थांबली. अंगानं भरलेली, लोकर तुकतुकीत, गळ्याला पिशवी नाही. पाणी त्याच तलावाचं, हवा तीच.

"मावशी, लेंड्या पायजे होत्या."

गिताबाईनं कमरेवर हात ठेवले. "रखमाजीच्या घरानं माझ्याकडं काय मागितलं, तर लेंड्या! ने बाई, ने. पोतं भरून ने."

अकरा डबे. दहांत एकसुद्धा अंडं नाही. अकराव्यात सापडली, तर ती मेंढी गिताबाईनं महिन्यापूर्वीच बाजारातून आणलेली. पूनमनं दोनदा तपासलं, जस्मिननं तिसऱ्यांदा तपासलं. मग पूनम पळतच परत तलावापलीकडं गेली.

"मावशी, तुम्ही मेंढरं कुठं लावता?"

"समदीकडं. आसरांचा काठ सोडून."

"शंभर पावलं सोडून?"

"व्हय तर. माझी सासू सोडायची, म्या बी सोडती." गिताबाईनं काठी उचलून पाण्याकडं दाखवलं. हिरव्यागार लव्हाळ्याकडं.

पूनम गोंधळली. "पण आसरा तर तिकडं हायती. रस्त्याकडंला, चौथऱ्यावर."

"धोंडं गेली रस्त्याकडंला!" गिताबाई कडाडली. "आसरा कशाला जातील? पाण्यातल्या बाया त्या! टाइलवर बसून एसटीची वाट बघत्यात व्हय? हेच म्या तुझ्या आजाला सांगितलं, तर म्हनला, बाई मानसानं देवाधर्मात बोलू नये. तवापासून थुकले न्हाई तुमच्या दारात."

पूनम वळून रस्त्याकडच्या चौथऱ्याकडं बघायला लागली.

घडलं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी तलावाचा बांध उंच केला. पाणी वाढणार, सात दगड बुडणार. रखमाजीचा जीव कासावीस झाला. देवी बुडवायच्या कशा? त्यानं हळद-कुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, आणि सातही दगड उचलून वर रस्त्याकडंला नेले. मुरमाड माळावर चौथरा बांधला, पांढऱ्या टाइल बसवल्या. सगळं श्रद्धेनं, नियमानं. दगडांबरोबर शंभर पावलंही उठून माळावर गेली, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. पूनमनं स्वतः चौथऱ्यापुढं हात जोडले होते, दर सुट्टीला. पाणी वाढून पुढं पसरलं, नव्या काठाला लव्हाळं माजलं, गोगलगाई झाल्या, आणि त्या काठाला राखण करायला एकही दगड नव्हता. शिकलेली होती ना ती? मग तिला दिसलं का नाही? तिला स्वतःचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाळासोच्या मागं गेली. चुलता खोटं बोलत नव्हता. त्यानं चौथऱ्याला हात जोडले, टाच चिकटवून उभा राहिला आणि मोठ्यानं मोजत चालायला लागला. एक, दोन, तीन. मेंढरं शिस्तीत मागं. माळावर गवताची काडी नव्हती, तरी एकाही मेंढराला त्यानं तोंड खाली घालू दिलं नाही. शंभरावर थांबला, "हुर्र" केलं आणि दवानं भिजलेल्या काठाच्या हिरवळीत सगळा कळप सोडला. मग समाधानानं तंबाखू मळायला बसला.

पूनमला हसू येत होतं आणि रडूही. तिनं फोटो काढले, अंतर मोजलं, चिखलातल्या गोगलगाई वाटीत वेचल्या. घरी येऊन त्या काचेच्या पेल्यात उन्हात ठेवल्या. दुपारी पेल्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर शेपट्या हलवत इवलेइवले जीव पोहत होते. चौथऱ्याभोवती शंभर पावलं शोधून तिला एक गोगलगाय सापडली नाही. मुंग्या मात्र रग्गड.

पुरावा हातात होता. सरांच्या नाकावर टिच्चून ठेवता येईल असा. पण आधी आबांना सांगायचं होतं, आणि कमिटीपेक्षा तिला त्याचीच जास्त भीती वाटली.

रखमाजी अंगणात बाजेवर बसला होता. तिनं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. अर्ध्यातच बाळासो ओरडला, "आबांनी देवीची सेवा केली, तिला तू पाप म्हंतीस? चार बुकं शिकली न्हाई तर आजाला अक्कल शिकवाय लागली!"

"अक्कल आबांचीच हाय, आप्पा!" पूनमही ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा चुलत्यावर. "शंभर पावलं खरी हायती! आपल्या म्हाताऱ्यांनी शोधलेली! ती खोटी हायती म्हणून तिकडं लोक माझ्यावर हसत्यात, आन् म्या तिथं एकटी भांडती. मेंढरं विकून टाकलीत तर ती हसणारी खरी ठरतील!"

आबांनी हात वर केला.

"बाळासो, तीन वर्सांत किती मेली?"

"एकतीस."

"म्हंजी म्या मारली," रखमाजी म्हणाला. आणि तो रडला. ऐंशी वर्षांचा माणूस, पटक्याच्या शेवात तोंड घालून. पूनमनं आबांचे गुडघे धरले. तिलाही रडू आवरेना.

बऱ्याच वेळानं आबांनी नाक पुसलं आणि काठी मागितली. "उचला धोंडं."

"आबा, गाव हसंल," बाळासो म्हणाला. "एवढा टाइलचा चौथरा..."

"हसू दे. गावाच्या हसण्यानं मेंढरू मरत न्हाई. ओल्यात चरल्यानं मरतं. उचला!"

रखमाजी काठाला गेला तो अनवाणी. दिसत तर नव्हतंच. पायानं चाचपत चालला. जमीन गार लागली की थांबायचा, दोन पावलं मागं यायचा, परत पुढं. सगळा काठ त्यानं असा पायानं वाचला आणि जिथं ओल सुरू झाली तिथं दगड ठेवायला सांगितले. पहिल्यासारखे एका जागी नाहीत, काठाकाठानं लांब लांब, सात ठिकाणी. "पानी हालतंय तर देवी बी हालल्या पायजेत," म्हणाला. "दर पोळ्याला पायानं बघायचं आन् दगड सरकवायचं. ह्यो नवा नियम."

पलीकडून गिताबाई दहीभाताचं ताट घेऊन आली. सात दगडांपुढं सात घास ठेवले, आणि जाताना रखमाजीला म्हणाली, "तीन वर्सं लागली व्हय ऐकाय?"

"तू सांगितलंस, पोरीनं दाखवलं," आबा म्हणाले. "चुकलो बाई."

मेंढरं बाजारात गेली नाहीत. बाळासो तोंड फुगवून का होईना, जनावरांच्या दवाखान्यात गेला आणि औषध घेऊन आला.

परतीच्या दिवशी आबा हट्टानं दौंडपर्यंत आले. जम्मूची गाडी लागायला वेळ होता. फलाटाच्या बाकड्यावर बसून त्यांनी विचारलं, "पुस्तकात माझं नाव लिवणार हाईस?"

"लिवणार की. नियम रखमाजी यांनी सांगितला, असं."

"आन् धोंडं कुणी हालवली ते?"

पूनम घुटमळली. "ते नको आबा. 'गावकऱ्यांनी हालवली' लिवते."

"का? नियमाचा मान मला आन् चूक गावाला? धोंडं रखमाजीनं हालवली, मेंढरं त्याच्या पायी मेली, असं लिव्ह. न्हाईतर आमाला चूक कबूल करता येत न्हाई, असं वाटंल त्या लाल पेनवाल्याला."

कमिटीपुढं पूनम चाळीस मिनिटं बोलली. अंडी दाखवली, गोगलगाई दाखवल्या, चौथऱ्यापासून मोजत निघालेला बाळासो दाखवला. या वेळी कुणी हसलं नाही. कमिटीतल्या एक वयस्कर बाई पुढं सरकून म्हणाल्या, असा प्रयोग मुद्दाम मांडायचा म्हटलं तरी जमला नसता. त्यागीसरांनी पानं उलटली. वाचताना त्यांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या, हे पूनमनं बघितलं. माणूस हेकट होता, पण पुराव्याला पाठ दाखवणारा नव्हता. शेवटच्या पानावर मात्र त्यांचं पेन थांबलं.

"काम अच्छा है. मंज़ूर. बस ये नाम हटा दो. अनपढ़ चरवाहे को स्रोत नहीं लिखते."

पूनमनं त्या ओळीवर तळवा ठेवला. सरांचं पेन तिच्या बोटांपाशी अडलं.

"नाम हटेगा तो पूरा काम हटेगा, सर. मक्खियाँ दे दीजिए. कल से शुरू करती हूँ."

सरांनी तिच्या हाताकडं बघितलं, मग तिच्याकडं. हात हलला नाही. शेवटी त्यांनी पेनाला टोपण लावलं, शेजारच्या बाईंचं निळं पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.

बाहेर येऊन तिनं पहिला फोन घरी लावला. बाळासोनं उचलला आणि आबांच्या कानाला लावला.

"आबा, झालं. मंजूर."

"नाव ऱ्हायलं?"

"ऱ्हायलं."

"आन् चूक?"

"ती बी ऱ्हायली, आबा."

"मग हरकत न्हाई," रखमाजी म्हणाला. "आता सायबाला म्हनावं, पोळ्याला ये हिकडं. अनवाणी ये."